पातेल्यावर येणारा जावई

नोंगलिरिम,
वार बहुतेक गुरुवार (ढग अंगणात उतरल्यामुळे खात्री नाही)

आदरणीय ब्रोसिंगमामांस,
भाचा किटबोक याचं दोन्ही हात जोडून खुब्लेइ.

पत्र हाती पडेल तेव्हा आपण, मामी, मामींच्या मातोश्री आणि त्यांचा तो चावरा कोंबडा असे सगळे सुखरूप असाल अशी आशा आहे. आपला गुडघा कसा आहे? मध्ये सोह्राकडे ऊन पडल्याचं ऐकलं. पडलं असेल तर गुडघ्याला थोडं दाखवलंत ना? आईला सांगा, मी पोटभर जेवतो आणि ओल्या अंगानं झोपत नाही. (दुसरं खरं नाही. या दिवसांत कोरडं अंग आमच्या गावात कुणाकडेच नसतं.) इकडे सगळे कुशल आहेत, म्हणजे ओले आहेत, पण कुशल आहेत.

मामा, आधी एक काम करा. माझं मागचं पत्र फाडून टाका. त्यात मी जे काही लिहिलं होतं, म्हणजे जीप करून मला न्यायला या, माझी खाट अजून आहे की आईनं तिच्यावर बटाटे पसरलेत, आणि उरलेलं आयुष्य मी सोह्रात तमालपत्र वाळवत काढीन, ते सगळं रद्द समजा. ते पत्र अजून मिळालंच नसेल तर सुमोवाल्याला विचारू नका. तो पत्रं सुपारी-चुन्याच्या खिशात ठेवतो. चुन्यानं आतापर्यंत ते खाल्लं असेल, आणि माझ्या दृष्टीनं चुन्यानं आयुष्यात केलेलं ते सर्वांत चांगलं काम. हे पत्र मात्र मी घोषालबाबूंच्या हाती देतोय. माणूस वक्तशीर आहे, कपाळावर टेंगूळ आहे, त्याबद्दल त्यांना काही विचारू नका. चहा द्या. सुपारी देऊ नका. का ते पुढे कळेल.

आता झालं काय ते सांगतो. आपण लग्नाच्या बोलणीला इथे आलात तेव्हा अंगणात बसल्याबसल्या मला हळूच म्हणालात, ‘किटबोक, या गावात एवढे पक्षी कुठून रे?’ ते पक्षी नव्हते, मामा. ती माणसं होती. इथे बाई बाळंत झाली की पोराला नाव ठेवतात ते वेगळं, पण आई त्याच्यासाठी एक सूर बांधते. तो सूर हीच त्याची खरी हाक. एकाचा दुसऱ्याला नाही, भावाचा भावाला नाही. घरात दोन स्वरांचा तुकडा पुरतो, रानात मात्र अख्खा लांबलचक काढतात, कारण रानात तोंडानं नाव घेतलं तर रानातले जे कोण असतात ते ऐकतात, नाव लक्षात ठेवतात आणि मग माणूस तापानं पडतो. रविवारी चर्चमध्ये सगळे देवाचे. सोमवारी कुऱ्हाड घेऊन उतरणीला लागले की रानातल्यांना दुखवायची छाती पाद्रीबुवांनाही नाही. आणि माणूस गेला की त्याचा सूरही त्याच्याबरोबर जातो. पुन्हा कुणी तो काढायचा नाही.

आपल्या सोह्रात ही पद्धत नाही. आईनं मला जन्मभर ‘ए मेल्या’ अशी हाक मारली, ती मला पुरत होती. पण इथे मी बिनसुराचा. परक्याचं पोर तर मी आहेच, लग्न करून बायकोच्या घरी राहायला जाणारा आपल्यातला प्रत्येक जावई ते असतो. आपणही मामींच्या घरी परक्याचं पोर आहात, पण आपण निदान आमच्या घरी येऊन राज्य करता. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अजून व्हायचंय, म्हणजे मी अजून कुणाचा मामाही नाही. इकडे परका आणि तिकडे रिकामा. बरं, रानात माझं नाव घ्यायचं नाही आणि सूर तर नाही, मग मला जेवायला बोलवायचं कसं? सासूबाईंनी त्यावर आपला तोडगा काढला. त्या अंगणाच्या कडेला उभ्या राहून जर्मनच्या पातेल्यावर पळीनं तीन ठोके देतात. आवाज खणखणीत, खालच्या पोफळीच्या बागेपर्यंत पोचतो. अडचण एवढीच, की तीच खूण आमच्या डुकरांचीही आहे. ती आधीपासूनची, मी नंतर आलो. त्यामुळे तीन ठोके पडले की रानाच्या एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं चार डुकरं असे आम्ही पाच जण अंगणात येऊन पोचतो. गावातली टवाळ मंडळी कडेला बसून कोण आधी येतं ते बघतात. मी बहुतेकदा तिसरा येतो.

यावरून दाशिशानं (माझी बायको म्हणून नाही सांगत, पण ती न्यायाला धरून बोलते) एकदा आईजवळ विषय काढला. ‘मेई, तूच बांध की याला एक सूर.’ सासूबाई चुलीपाशी सुकट भाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘त्याची आई जिवंत आहे ना? दुसऱ्या बाईच्या ताटातलं मी कशाला ओढू?’ आणि सुकट उलटली. मी दाराशी ऐकत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (आईला हे सांगू नका.) मला वाटलं, झालं, या घरात आपण मरेपर्यंत डुकरांच्या रांगेत. त्यात दाशिशाला दिवस गेलेले, सहावा महिना. म्हणजे उद्या पोराला सूर असेल, त्याच्या आईला आहे, आजीला आहे, आणि बाप मात्र पातेल्यावर येणार.

अशा माझ्या मनःस्थितीत घोषालबाबू आणि त्यांच्या सौभाग्यवती आमच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरले. कलकत्त्याकडून आलेले, दोघंही सज्जन, पण धबधबा बघायचाच या हट्टानं आलेले. मी त्यांना रोज सकाळी कड्यावर नेत होतो आणि रोज ढग दाखवून परत आणत होतो. धबधबा तिथे होता, आवाज येत होता, दिसत नव्हता एवढंच. घोषालबाबू कानाला हात लावून म्हणायचे, ‘मोठा असावा.’ पहिल्याच दिवशी सासूबाईंनी पद्धतीप्रमाणे पान-सुपारी पुढे केली. ती आपली ओली, मुरवलेली. बाबूंना वाटलं बडीशेपेसारखं काही असेल, त्यांनी दोन फोडी एकदम तोंडात टाकल्या. मग त्यांचे कान लाल झाले, घाम सुटला, आणि ‘घर फिरतंय, घर फिरतंय’ म्हणत ते उठले ते थेट दाराच्या चौकटीवर आदळले. टेंगूळ त्याचं आहे.

तर एका सकाळी कड्यावर आम्ही ढग बघत उभे होतो. सौ. घोषालना गावातल्या सुरांचं फार वेड. हिचा कुठला, त्याचा कुठला, सगळं मला विचारायच्या आणि मी शिट्टीनं वाजवून दाखवायचो. (जिवंत माणसांचे सूर पाहुण्यांना ऐकवायला हरकत नसते, फक्त ती माणसं दुरून ‘काय रे?’ म्हणून ओरडतात.) मग बाईंनी साधा प्रश्न विचारला, ‘आणि तुमचा?’

मामा, खरं सांगून टाकायचं होतं. ‘माझा पातेल्यात आहे’ एवढं म्हणालो असतो तरी बाई हसल्या असत्या आणि विषय संपला असता. पण घोषालबाबूही माझ्याकडे बघत होते, आणि माणसाला कधीकधी परक्यांसमोर आपल्या घरचा असल्यासारखं दाखवायची हुक्की येते. माझ्या ओठांवर एक सूर आला. सासूबाई सुपारी कातरताना ओठ मिटून काहीतरी गुणगुणतात. मला वाटायचं, हे आपलं चुलीपाशी बायका गुणगुणतात तसलं. गोड होतं, लांब होतं, कुणाचंच नसावं. मी छाती फुगवून, दोन बोटं तोंडात घालून, तो सूर दरीत सोडला. एकदा नाही, दोनदा. ढग असले की आवाज फार लांब जातो हे आपल्याला सांगायला नकोच.

तो माझ्या सासऱ्यांचा सूर होता.

दाशिशा शाळेत जात होती तेव्हा ते गेले. तेव्हापासून गावात तो कुणी काढला नव्हता. सासूबाई मिटल्या तोंडातल्या तोंडात त्याला जपून होत्या, आणि मी तो साऱ्या डोंगराला ऐकवला. आम्ही गावात परतलो तेव्हा सगळी म्हातारी माणसं दारात येऊन उभी होती आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. आमच्या अंगणात पातेलं उपडं पडलं होतं, बुडाला हा मोठा पोचा आणि त्यात चीर. दाशिशानं मला आत ओढलं आणि म्हणाली, ‘शिट्टीच वाजवायची होती तर चहाच्या किटलीसारखी वाजवायची होतीस. बाबांची का वाजवलीस?’ मग तिनं सांगितलं की हाक ऐकू आली तेव्हा मेईच्या हातून पातेलं सुटलं आणि तिनं मान वळवून वाटेकडे बघितलं, ते येतायत का म्हणून. बघून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती कोणाशी बोललेली नाही.

मामा, मला तेव्हा जेवढं वाईट वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं. माफी मागायला गेलो तर सासूबाईंनी सुपारीचं ताट उचललं आणि दुसरीकडे जाऊन बसल्या. आणि गुणगुणल्या नाहीत. घर इतकं गप्प झालं की पत्र्यावरचा पाऊस मोजता आला असता.

संध्याकाळी दाशिशाचे मामा, बाह फ्रेस्टार, आले. आपल्यासारखेच तेही आपल्या बायकोच्या घरी गरीब गाय आणि बहिणीच्या घरी वाघ. ते सगळ्यात उंच वेताच्या मोड्यावर बसले, सुपारी तोंडात फिरवत राहिले, ती पुरती चावून होईपर्यंत आम्ही सगळे ओणवे. मग म्हणाले, ‘मेलेल्या माणसाला हाक मारलीस. आता तो आला तर त्याला निजायला कुठे द्यायचं? त्याच्या खाटेवर तर तू झोपतोस.’ मी म्हणालो, मी खाली झोपेन. ते म्हणाले, ‘खाली नको. आईकडे झोप.’ दाशिशा भांडली. म्हणाली, ‘याला पाठवलंत तर बाळाचा सूर मी बांधणारच नाही, तुम्हीच बांधा तुमच्या घोगऱ्या गळ्यानं.’ पण मामाचा शब्द तो मामाचा शब्द. निकाल झाला: पाऊस उघडला की किटबोकनं आपल्या आईच्या घरी जायचं. पुढचं पुढे बघू. सासूबाई कोपऱ्यात होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

पाऊस उघडला की! मामा, आपण सोह्राची माणसं. जन्मभर ज्या पावसाला शिव्या घातल्या त्याच्या मी पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो. रोज पहाटे डोळे उघडायच्या आधी कान उघडायचे आणि पत्र्यावरचा धुमाकूळ ऐकून मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. असा गाढ कधी झोपलो नव्हतो. घोषालबाबू बिचारे खिडकीशी बसून ‘थांबेल का हो?’ विचारत आणि मी ‘छे, छे, आता कसला थांबतोय’ असं इतक्या आनंदानं सांगत असे की ते माझ्याकडे संशयानं बघायला लागले. बाह फ्रेस्टार दिवसातून एकदा इरलं पाठीवर घेऊन यायचे, आभाळाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि परत जायचे. एकदा थोडं उघडल्यासारखं झालं तर मी धावत जाऊन खिडकीच लावून घेतली.

आणि एका सकाळी जाग आली तर आवाजच नाही. बाहेर लख्ख ऊन. डोंगर पुसून ठेवल्यासारखे, धबधबा समोर उघडा, सगळं गाव सुपाऱ्या आणि गोधड्या वाळत घालतंय, पोरं नाचतायत. एवढ्या सुंदर सकाळी रडणारा साऱ्या डोंगरात मीच. त्याच दिवशी सुमो वर आली आणि ते पत्र मी तिच्यातून पाठवलं. पिशवी भरली. घोषालबाबूंना मात्र झाडाची जिवंत मुळं विणून केलेल्या आमच्या पुलापर्यंत न्यायचा शब्द दिलेला होता, तेव्हा म्हटलं, एवढं शेवटचं काम करू आणि मग निघू. निघताना सासूबाई ओसरीवर होत्या. मी म्हणालो, ‘मेई, येतो.’ त्यांनी माझ्या हातात केळीच्या पानात बांधलेला भात आणि डुकराचं मटण ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता इरलं पुढे सरकवलं. लख्ख उन्हात इरलं! मला वाटलं, लांबच्या प्रवासाची भेट असेल.

वाट दोन सुपाऱ्यांची. (घोषालबाबू न चघळता चालले म्हणून त्यांना जास्त लागली.) पूल बघून दोघं खूष झाली. त्या पुलाच्या एका कठड्याशी सासऱ्यांनी पोफळीच्या पोकळ खोडातून पलीकडे नेलेलं एक मूळ आहे, ते आता माझ्या मनगटाएवढं झालंय. गेल्या वर्षी त्याच्याशेजारी मीही एक लावलंय. ते अजून शेपटीएवढंच आहे. त्याच्याकडे बघून मला पुन्हा भरून आलं, आणि माझं बघून आभाळाला. आधी ढग खालून वर आले, मग पाऊस वरून खाली आला, आणि मधे आम्ही तिघं.

अशा ढगात चालायचं नसतं. वर वाट फुटते. एक गावाला जाते आणि दुसरी गेल्या वर्षी कोसळलेल्या दरडीला. इथली माणसं अशा वेळी खडकाखाली थांबतात. घरून कुणीतरी सूर काढतं, मग आवाजाच्या दिशेनं चालायचं. तेव्हा मी दोघांना खडकाखाली बसवलं आणि पातेल्याची वाट बघत राहिलो. पातेलं काही वाजेना. म्हटलं, बरोबर आहे, ते फुटलंय. आणि फुटलं नसतं तरी आजपासून या घराला मला बोलवायची गरज काय? उजेड कमी व्हायला लागला. सौ. घोषाल कुडकुडत होत्या. मी केळीचं पान सोडलं, मटण-भात तिघांनी खाल्ला.

तेवढ्यात वरून सूर आला.

मला गावातले जवळजवळ सगळे सूर ठाऊक झालेत, हा नवा होता. लांब, चढत जाणारा, मध्येच हसल्यासारखा घसरणारा. सुंदर होता, फक्त शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटला. सौ. घोषाल उठल्या. ‘बोलावतायत ना? चला!’ मी म्हटलं, ‘बसा. ती हाक आपल्याला नाही, दुसऱ्या कुणाला तरी आहे.’ दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मामा. एकदा मेलेल्याचा सूर तोंडात घेऊन बसलो होतो, आता जिवंताचा कानातही घेणार नव्हतो. परक्याच्या हाकेवर जाऊ नये. पुन्हा सूर आला. पुन्हा. बाई कळवळल्या, बाबू म्हणाले दिशा तरी कळतेय, जाऊ या. मी ठाम. उलट मला त्या माणसाचाच राग यायला लागला. कोण असेल तो मेला, एवढा जीव तोडून कुणीतरी बोलावतंय आणि याला ‘ओ’ द्यायला होत नाही! मी घोषालबाबूंना म्हणालोही, ‘असली माणसं असतात बघा. घरच्यांची कदर नाही.’ बाबूंनी मान हलवली. सूर येत राहिला, जवळ येत राहिला, घसा बसत गेला, आणि आम्ही तिघं खडकाखाली बसून त्या नालायक माणसाला नावं ठेवत राहिलो.

मग ढगातून एक इरलं बाहेर आलं. त्याच्याखाली सासूबाई. चिंब भिजलेल्या, हातात काठी. माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

‘कान आहेत की भोपळ्याची देठं? केव्हापासून तुझा सूर काढतेय! घसा गेला माझा!’

मामा, मी म्हणालो, ‘माझा?’ त्या म्हणाल्या, ‘मग काय या बाबूंचा?’ आणि काठीनं माझ्या पोटरीवर एक दिली. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, ‘पातेलं फुटलं याच्यामुळे. नाव घेता येत नाही. करणार काय? सुचलं ते गायलं.’ आणि पुढे चालायला लागल्या. घोषालबाबूंना आपली भाषा कळत नाही, पण तेवढं कळलं असावं, कारण त्यांनी माझा हात धरला आणि आपला रुमाल दिला. मी अख्खी चढण रडत चढलो. पाऊस होता, त्यामुळे कुणाला दिसलं नाही, पण आवाज येत होता.

घरी दाशिशानं मला चुलीपाशी बसवलं आणि हळूच सांगितलं, ‘सुचलं-बिचलं काही नाही. भात लावणीपासून मेई तो सूर तोंडातल्या तोंडात जुळवतेय. एक सुपारी बाबांच्या सुराची आणि एक सुपारी तुझ्या सुराची. तुला सगळं एकच गुणगुणणं वाटायचं.’ मग मी उठून सासूबाईंपाशी गेलो आणि म्हणालो, ‘मेई, तो दुसरा सूर मी रानात सोडला, त्याचं मला फार वाईट वाटतं.’ त्यांनी आडकित्त्यातली सुपारी कातरून पुरी केली. मग म्हणाल्या, ‘वाजवलास मात्र चांगला. शेवटची मुरकी त्यांच्या आईलाही अशी साधायची नाही.’ आणि सुपारीची पहिली फोड मला दिली. मामा, मी ती अजून चघळतोय असं समजा.

सकाळी बाह फ्रेस्टार आले. पाऊस धो धो. मोड्यावर बसले, माझ्या पिशवीकडे बघितलं, बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. घसा बसल्यामुळे ती काही बोलली नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, ‘पाऊस उघडल्यावर जायचं असं मी म्हटलं होतं. उघडला कुठे अजून?’ दाशिशा म्हणाली, ‘काल सकाळी लख्ख ऊन होतं, मामा.’ (तिला न्यायाला धरून बोलायची सवय आहे, ती अशा वेळी जरा आवरायला हवी.) ते म्हणाले, ‘काल मी झोपलो होतो. मी नाही बघितलं. माझ्या डोळ्यांदेखत उघडेल तेव्हा बघू.’ तेव्हापासून सकाळी ऊन पडायची चिन्हं दिसली की ते घोंगडी डोक्यावर घेतात, असं त्यांच्या घरून कळतं.

तर असं सगळं ठीक झालं. काळजी करू नका, जीप करू नका, खाटेवरचे बटाटे हलवू नका. गुडघ्याला शेक द्या. मामींना, त्यांच्या मातोश्रींना आणि कोंबड्याला (लांबून) नमस्कार.

आपला, आता खडकाखालीही ‘ओ’ देणारा भाचा,
किटबोक

ता. क. — जीप करू नका असं वर लिहिलंय ते मला न्यायला करू नका, एवढंच. जीप करा आणि आईला घेऊन या. इथली रीत अशी की सूर आईनं द्यायचा. सासूबाई म्हणतात, आपण जुळवला खरा, पण त्याच्या आईनं एकदा ऐकून हो म्हटल्याशिवाय तो चोरीचा. ‘ए मेल्या’ ही हाक आईनं चालू ठेवायला हरकत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितलंय.

ता. क. दुसरा — येताना सोह्राच्या बाजारातून एक मोठं जर्मनचं पातेलं आणा, जाड बुडाचं. डुकरांना बोलवायला लागेल. माझा आता पातेल्याशी काही संबंध नाही, हे दुकानदारालाही सांगितलंत तरी चालेल.

ता. क. तिसरा — पातेलं राहू द्या. आज सकाळी सासूबाईंनी अंगणातून माझा सूर काढला. मी ऐटीत, सगळ्या गावाला दिसेल असा, मधल्या वाटेनं आलो, तर चारही डुकरं माझ्याआधी पोचून उभी होती. दाशिशा म्हणते, सुराशी त्यांचं काही देणंघेणं नाही. मी घराकडे निघालो की जेवण तयार असतं, एवढं ती कधीच शिकलीत. या खेपेला मी पाचवा आलो. पण आईला नक्की आणा, मामा, लवकर आणा. सासूबाईंचा घसा सुटलाय आणि त्या रोज तेच तेच गुणगुणतायत, शेवटचा तुकडा काही केल्या जमत नाहीये. म्हणतात, मी याला थोराड झाल्यावर बघितलं. तान्हा असताना कसा रडायचा ते त्या बाईलाच माहीत असणार, ती आली की विचारीन आणि मग पुरा करीन.